बत्तीस बोअरचं जुनं पिस्तूल दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला अडकतं? आधी मॅगझीन बघा

सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत परवान्यावर जी छोटी पिस्तुलं आहेत, त्यांतली बरीचशी मालकापेक्षा वयाने मोठी आहेत. याला कारण आहे. ९ मिलिमीटर हे निषिद्ध बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), ते साध्या परवान्यावर मिळत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला बाहेरून हत्यार मागवणंही जवळजवळ बंद झालं. त्यामुळे त्याआधी आलेली बत्तीस बोअरची पिस्तुलंच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत राहिली. बेल्जियमची एफएन १९१०, जर्मनीची वॉल्थर पीपी, अमेरिकेची कोल्ट १९०३, इंग्लंडची वेब्ली, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड ५० आणि ७०. यांतल्या कोल्टचं उत्पादन १९४५ मध्येच थांबलं. चेकोस्लोव्हाकिया हा देश तर १९९३ पासून नकाशावरही नाही. तेव्हा सुटा भाग कंपनीकडून मागवू, हा विचार आधी डोक्यातून काढून टाका.

माझं काम परवानाधारक दुकानातल्या दुरुस्तीच्या टेबलावरचं. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठूनही माणूस आला तरी वाक्य ठरलेलं असतं: "मालक, पिस्तूल एकदम झकास आहे. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला अडकतंय." विकणाऱ्याने त्याला सांगितलेलं असतं, तेल-पाणी केलं की चालतंय. त्या 'फक्त'साठी त्याने लाखांत पैसे मोजलेले असतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. अशा दहा तक्रारींतल्या बहुतेकांचं मूळ पिस्तुलात नसतं, मॅगझीनमध्ये (मुठीत बसणारी, काडतुसं भरायची पेटी) किंवा काडतुसात असतं. आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी घेताना कोणी बघत नाही. नळी चमकते का, निळा पॉलिश शाबूत आहे का, एवढंच बघतात. मग घरी कोणीतरी कानस घेऊन बसतो आणि साध्या तक्रारीचं कायमचं नुकसान करून ठेवतो.

सगळ्याच्या आधी: रिकामं करणं

हे तुम्हाला येत असेल. तरीही वाचा. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझीन काढलं, तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या घरातली) गोळी बाहेर पडते आणि मॅगझीनमधली पुढची तिच्या जागी जाऊन बसते. माणूस समजतो रिकामं झालं. 'रिकाम्या' पिस्तुलाने झालेले अपघात बहुतेक याच क्रमातून होतात.

मॅगझीन काढा, स्लाइड दोन-तीन वेळा पूर्ण ओढा, मागे धरून ठेवा, चेंबरमध्ये उजेडात डोळ्याने बघा आणि करंगळीचं टोक घालून खात्री करा. कोल्ट १९०३ किंवा एफएन १९१० मध्ये शेवटच्या गोळीनंतर स्लाइड आपोआप मागे थांबत नाही. वॉल्थर पीपीमध्ये थांबते. म्हणून 'स्लाइड पुढे आहे म्हणजे गोळी आहे' किंवा 'मागे थांबली नाही म्हणजे बिघाड आहे' असे अंदाज बांधू नका. नळीचं तोंड कायम जाड भिंतीकडे किंवा जमिनीकडे. बाजूच्या खोलीकडे नाही, पोटमाळ्याकडे नाही. जिवंत काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात.

खाली जिथे जिथे 'रिकामं पिस्तूल' म्हटलंय, तिथे दर वेळी हे सगळं पुन्हा करायचं. चहा प्यायला उठून परत बसलात तरी.

लक्षणं नीट ओळखा

'अडकतं' हा शब्द फार सैल आहे. काय अडकतं, कुठे अडकतं, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिली गोळी हाताने स्लाइड ओढून नीट बसते, उडतेही, पण पुढची वर येताना टोक खाली घालते आणि स्लाइड अर्ध्यावर थांबते. ही सगळ्यात नेहमीची तक्रार. मॅगझीन किंवा काडतूस.

स्लाइड अर्ध्यावर आहे, मॅगझीन बाहेर काढलं, आणि त्यातली वरची गोळी अंगठ्याने पुढे ढकलली तर जागची हलत नाही. हे तर मॅगझीनमधलंच. याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण बत्तीसचा हा खानदानी आजार आहे.

स्लाइड जवळजवळ पूर्ण बंद होते, दोन-तीन मिलिमीटर राहते, अंगठ्याने ढकलली की बसते. मळलेलं चेंबर, चिकट झालेलं तेल किंवा थकलेली रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी).

रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच) बाहेर न पडता स्लाइडच्या खिडकीत उभी राहते. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारं नख) मळलाय किंवा झिजलाय, गोळी कमजोर आहे, किंवा धरणाऱ्याचं मनगट सैल आहे. शेवटचं कारण ऐकून लोक चिडतात, पण मागे सरकणाऱ्या स्लाइडला अडून राहायला हात घट्ट लागतो.

ट्रिगर ओढला, 'खट्' झालं, गोळी उडाली नाही. नळी निशाणाकडेच ठेवा, निदान अर्धा मिनिट. काडतुसाची दारू कधी कधी उशिरा पेटते, म्हणून स्लाइड ओढायची घाई करू नका. नंतर ते काडतूस बाहेर काढून त्याच्या बुडाच्या टोपीवरची, फायरिंग पिन जिथे मारते तिथली, खूण बघा. खूण उथळ असेल तर पिनच्या बाजूचा दोष, चांगली खोल असेल तर काडतूसच मेलेलं.

आणि दोन लक्षणं अशी, की ती दिसली तर हा लेख बाजूला ठेवायचा. एक, आवाज नेहमीपेक्षा फुसका आला: गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. दोन, ट्रिगर एकदा ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या: आतला सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत घोडा किंवा पिन अडवून धरणारा खटका) झिजलाय. दोन्हीत पिस्तूल रिकामं करून थेट परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी काही करण्यासारखं त्यात नाही.

एफएन १९१० बद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे फुकटचा हेलपाटा वाचेल. त्यात मॅगझीन काढल्यावर ट्रिगर चालतच नाही, कारण तशी सेफ्टीच आहे. 'ट्रिगर गेलाय' म्हणून ते पिस्तूल घेऊन येणारे दर वर्षी असतात.

कागद आणि क्रमांक

याला एक रुपयाही लागत नाही आणि व्यवहार व्हायच्या आधी करायचं, म्हणून पहिलं. मूळ परवानाधारक समोर असताना, शक्यतो परवानाधारक दुकानात बसून बघा. दुसऱ्याचं हत्यार 'चार दिवस चालवून बघतो' म्हणून घरी नेणं हा सरळ गुन्हा आहे.

पिस्तुलाच्या सांगाड्यावरचा क्रमांक परवान्यातल्या नोंदीशी ताडून बघा. स्लाइडवर आणि नळीवर क्रमांक असेल तर तोही. नळीचा क्रमांक वेगळा निघाला तर ती कधीतरी बदललेली आहे, आणि अडकण्याचं कारण तिथेच असू शकतं. क्रमांक घासलेला, पुन्हा कोरलेला वाटला तर व्यवहार तिथेच सोडा. कितीही स्वस्त मिळत असलं तरी.

नळीवर '७.६५' असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, युरोपात बत्तीस बोअरच्या पिस्तुलाला ७.६५ ब्राउनिंगच म्हणतात. मात्र एफएन १९१० आणि वॉल्थर पीपी ही दोन्ही ९ मिलिमीटर शॉर्टमध्येही निघालेली आहेत. नळीवरचं बोअर आणि परवान्यावरचं बोअर एकच पाहिजे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खाजगी माणसाने आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. शहरातल्यांचं काम पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागातल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालयात. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाकडे दोनच हत्यारं राहू शकतात; घरात आधीच एक रायफल आणि एक बारा बोअर असेल तर हा शोधच थांबवा. ते ४५ दिवस लोकांना जाच वाटतो. मला वाटतं तो तपासणीसाठी मिळालेला फुकटचा वेळ आहे. त्या काळात विकणाऱ्याला हत्यार दुकानात आणायला लावा आणि खालच्या तपासण्या करून घ्या.

काडतूस

बत्तीस म्हटलं की बत्तीसच, असं नसतं. बत्तीस रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, बत्तीस पिस्तुलाचं वेगळं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे रुंद कड असते आणि पुढे बहुधा शिशाची गोळी; पिस्तुलाच्या काडतुसाची कड जेमतेम बाहेर आलेली असते आणि गोळीवर तांब्याचं कवच असतं. जुन्या परवानाधारकांच्या डब्यात दोन्ही एकत्र पडलेली मी बघितली आहेत, कारण आधी घरात रिव्हॉल्व्हर होतं, मग पिस्तूल आलं. एकेक काडतूस हातात घेऊन निवडा, तांदूळ निवडल्यासारखं.

हिरवी बुरशी चढलेली, पोचलेली, गोळी आत दबलेली किंवा सैल हलणारी काडतुसं बाजूला काढा. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं अडकवून ठेवलेली काडतुसं सगळ्यात वाईट. चामड्यातल्या क्षारांनी पितळ खाल्लं जातं. ही कचऱ्यात किंवा तलावात टाकायची नाहीत. परवानाधारक दुकानात किंवा पोलीस ठाण्यात नोंद करून जमा करायची.

लांबी बघा. मूळ रचनेप्रमाणे हे काडतूस जवळजवळ २५ मिलिमीटर लांब असतं आणि ही सगळी पिस्तुलं त्याच गोल नाकाच्या, पूर्ण कवचाच्या गोळीसाठी घडवलेली आहेत. पोकळ नाकाचं काडतूस बऱ्याचदा दीड-दोन मिलिमीटर आखूड भरतं. एवढ्याने काय होतं, असं विचारू नका; पुढच्या तपासणीतलं सगळं दुखणं त्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये आहे.

मॅगझीन: इथे घाई करू नका

बत्तीसच्या काडतुसाची मागची कड सुमारे ९.१ मिलिमीटर रुंद असते आणि अंग तिच्यापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर बारीक. म्हणजे कड थोडीशी बाहेर आलेली. आजची बहुतेक पिस्तुलांची काडतुसं अशी नसतात, त्यांची कड अंगाबरोबरीची असते. जॉन ब्राउनिंग यांनी हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी एफएनसाठी रचलं, तेव्हा चेंबरमध्ये काडतूस कुठे थांबावं हे त्या कडेवरच ठरवलं. कल्पना त्या काळासाठी उत्तम. पण काडतुसं एकावर एक रचली की कडा एकमेकींना भेटतात.

वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असेल तर स्लाइडने ढकलल्यावर वरचं सुळकन पुढे जातं. कड मागे गेली असेल तर ती खालच्या कडेत अडकते आणि कितीही ढकला, वरचं काडतूस खालच्यालाही ओढायला लागतं. स्लाइड अर्ध्यावर थांबते. मॅगझीनमधून ते काडतूस अंगठ्याने हलत नाही, ते याच कारणाने.

चांगल्या लांबीचं काडतूस मॅगझीनमध्ये पुढे-मागे सरकत नाही, म्हणून भरताना लावलेला क्रम टिकतो. आखूड काडतूस प्रत्येक धक्क्याला पुढे-मागे होतं आणि दोन-तीन धक्क्यांत कडांचा क्रम उलटतो. पहिली गोळी नीट जाते आणि तिसरी अडकते, त्याचं कोडं इथे सुटतं.

करायचं ते सोपं. मॅगझीन पिस्तुलाबाहेर ठेवून एकेक काडतूस भरा. प्रत्येक वेळी नवीन काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली का ते बाजूच्या फटीतून बघा. मॅगझीन भरल्यावर अंगठ्याने वरचं काडतूस ओठांखालून पुढे सरकवून बघा. मॅगझीनचे ओठ म्हणजे वरच्या दोन आत वळवलेल्या कडा. एकेक करून सगळी अशीच बाहेर काढा. एकही अडलं नाही तर रचना बरोबर. निम्म्या लोकांची तक्रार इथेच मिटते आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की एवढ्याच कामाचे पैसे घेणार का.

मिटली नाही तर मॅगझीन उघडा. तळाची पट्टी सरकवताना स्प्रिंग उडून डोळ्यात जाऊ शकते, तळावर अंगठा दाबून ठेवा. आतून काय काय निघतं! तंबाखूची पूड, खिशातला लोकर-धागा, आणि सोलापूरचा खास माल म्हणजे टॉवेलचे रोंवे. आपला टेरी टॉवेल अंग पुसायला जगात नावाजलेला, पण हत्यार पुसायला त्याच्याइतकं वाईट काही नाही. जुन्या, खूप धुतलेल्या सुती पंचाचे तुकडे वापरा. आतली भिंत कोरडी पुसा. मॅगझीनला आतून तेल नको. तेल काडतुसाच्या टोपीत शिरलं की गोळी मुकी होते, आणि वर धूळ धरून ठेवतं ते वेगळंच. गंज दिसला तर तेलाच्या बोटाने पुसून पुन्हा कोरडं करा.

स्प्रिंग परत बसवताना उलटी बसत नाही ना ते बघा. उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवला की प्रश्न मिटतो. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, असं सगळे सांगतात. चांगली स्प्रिंग नुसती दाबून राहिल्याने फारशी मरत नाही. वारंवार दाबल्या-सोडल्याने आणि गंजाने मरते. पण निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करताना मॅगझीन भरलेलं देऊ नका. कारण स्प्रिंगचं नाही, सुरक्षेचं आहे. आणि परत मिळाल्यावर ते महिनोन्‌महिने कुठल्या ओल्या कपाटात होतं हे तुम्हाला माहीत नसतं. घरी आणल्याच्या दिवशीच खोलून पुसा.

आता ओठ. मॅगझीन वरून बघा. दोन्ही कडा सारख्या वळलेल्या पाहिजेत. एक बाजू दबलेली, एक फाकलेली, किंवा कोपऱ्यात बारीक चीर असेल तर दोष सापडला. पक्कड लावू नका. जुना पत्रा एकदा वाकवला की सरळ करताना मोडतो, आणि मूळ मॅगझीन मिळणं हे पिस्तूल मिळण्यापेक्षा अवघड आहे. ओठ जुळवायचं काम आत ठोकळा घालून होतं, ते दुरुस्तीवाल्याकडे.

पिस्तुलाबरोबर दोन मॅगझीन मिळाली असतील तर नशीब समजा. दोघांवर रंगाने खूण करा आणि कोणत्यात अडकतं ते नोंदवत जा. दोष एकाच मॅगझीनबरोबर फिरत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. एकच असेल तर विकणाऱ्याला विचारा, हे कारखान्याचं मूळ की कुठेतरी बनवून घेतलेलं? त्यावर कारखान्याची खूण नसेल, पत्र्याचा जोड ओबडधोबड असेल, तर किंमत ठरवताना ते धरा.

मळ आणि तेल

स्लाइड थोडी उघडी राहण्याची तक्रार इथे सुटते. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे कोकणासारखा गंज इथे चढत नाही. आपला शत्रू धूळ आणि वाळलेलं तेल. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत पडलेल्या पिस्तुलातलं पातळ तेल वाहून जातं आणि मागे चिकट थर राहतो. खोबरेल लावणारे अजून आहेत. ते थंडीच्या पहाटे थिजतं आणि पुढे डिंकासारखं होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल, हत्याराचं मिळालं तर उत्तम.

रिकामं पिस्तूल पुस्तिकेप्रमाणे जेवढं हाताने खोलतं तेवढंच खोला. वॉल्थर पीपीत ट्रिगरभोवतीचं कडं खाली ओढलं की स्लाइड मागे, वर आणि पुढे निघते. एफएन १९१० ची स्प्रिंग नळीभोवती असते आणि तोंडाशी टोपण असतं. ते फिरवताना स्प्रिंग सुटून खोलीभर उडते. वेब्लीची रिकॉइल स्प्रिंग इंग्रजी व्हीच्या आकाराची, मुठीच्या पट्टीखाली बसवलेली असते. ती काढूच नका. स्क्रू आणि पिना जिथे आहेत तिथे तुमचं काम संपतं.

चेंबर, स्लाइडचा आतला चेहरा जिथे पुंगळी टेकते, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची खाच, या तीन जागा घासा. दात घासायचा जुना ब्रश पुरे. तेल घासणाऱ्या जागांवर, थेंबभर. फायरिंग पिनच्या भोकात तेल सोडू नका. आत घट्ट होतं आणि मग पिन सुस्त मारते. 'खट्' होऊन गोळी न उडण्याचं हेही एक कारण.

रिकॉइल स्प्रिंग

या पिस्तुलांची रचना साधी असते. गोळी उडते तेव्हा स्लाइडला कुलूप नसतं. तिचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं तोललेलं. म्हणून स्प्रिंग थकली की दोन गोष्टी होतात: स्लाइड मागे जोरात आदळते, आणि पुढे येताना दम पुरत नाही.

रिकाम्या पिस्तुलाचं तोंड वर तिरकं, ४५ अंशांत धरा. स्लाइड मागे ओढून हाताने सावकाश पुढे येऊ द्या. शेवटपर्यंत स्वतःहून बंद झाली पाहिजे. मधेच थांबली, आणि सफाई नीट झालेली असेल, तर स्प्रिंग थकलेली. पुंगळ्या नेहमीपेक्षा बऱ्याच लांब उडत असतील तर तीच शंका आणखी पक्की.

स्प्रिंग ताणून लांब करू नका. दोन दिवस चालते, मग पहिल्यापेक्षा लवकर बसते. आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीचा माणूस यंत्रमागाच्या स्प्रिंगा सुंदर बनवतो, हे मलाही माहीत आहे. पण मागाची स्प्रिंग आणि ही स्प्रिंग यांचा ताण वेगळा. जास्त कडक बसवली तर पुंगळी खिडकीत अडकायला लागते, सैल बसवली तर सांगाड्याला तडा जातो. शिवाय हत्याराची दुरुस्ती, बदल आणि चाचणी ही त्याच कलम ५ खाली परवाना लागणारी कामं आहेत. तुमच्या ओळखीच्या माणसाला विनाकारण गोत्यात आणू नका.

यापुढे फक्त बघायचं

रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, पिस्तुलाची नाडी त्यांच्यावर कळते. कडेवर एका जागी ओरखडा, तर एक्स्ट्रॅक्टर घसरतोय. पुंगळी एका बाजूने फुगलेली किंवा चिरलेली, तर चेंबर किंवा बंद होण्यात दोष. थांबा.

नळीतून उजेडाकडे बघा, अर्थात स्लाइड काढलेली असताना. आत एखादी काळी कडी, सावलीसारखी, गोल फिरलेली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी कोणीतरी अडकलेल्या गोळीमागून गोळी सोडलेली. थांबा.

तडा शोधायची एक जुनी युक्ती: स्लाइडच्या खिडकीचे कोपरे आणि सांगाड्याचा पुढचा भाग रॉकेलच्या बोटाने पुसा, कोरडं करा, वर खडूची पूड लावा. थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटली तर ती चीर आहे. थांबा, आणि घ्यायच्या आधी दिसली तर घेऊच नका.

घोडा बाहेर असलेल्या पिस्तुलात, रिकामं असताना, घोडा चढवून मागून अंगठ्याने पुढे ढकला. ट्रिगरला हात न लावता तो पडला तर सिअर गेला. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा. घोडा हलता कामा नये. वॉल्थर पीपीत सेफ्टी लावली की घोडा आपोआप खाली येतो, ती त्याची रचनाच आहे. पण इतक्या जुन्या यंत्रावर विश्वास टाकून ते भरलेल्या चेंबरवर करून बघायचं नाही.

आणि गोळी ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते, तो उतार. इंटरनेटवर बघून लोक तो पॉलिश करतात. या पिस्तुलांत तो उतार चेंबरच्या तोंडाला लागून असतो. जरा जास्त घासला गेला तर पुंगळीचा तळ उघडा पडतो आणि तिथून ती फुटते. भरून निघण्यासारखं ते नुकसान नाही, कारण दुसरी नळी मिळत नाही. उतारावर ओरखडा दिसला तर दाखवायला आणा, कानस घरीच राहू द्या.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

दुरुस्तीचा परवाना असलेलंच दुकान गाठा, आणि परवानाधारकाने स्वतः, मूळ परवाना बरोबर घेऊन यावं. पुतण्याच्या हाती पिशवीतून पाठवू नका. हत्यार ठेवून घेतल्याची क्रमांकासह पावती घ्या. पिस्तुलाबरोबर सगळी मॅगझीन आणि जपून ठेवलेल्या पुंगळ्या आणा. नुसतं पिस्तूल आणलं तर अर्धं निदान घरी राहिलं. एका कागदावर लिहून आणा: कोणतं मॅगझीन, कितवी गोळी, स्लाइड कुठे थांबली, कोणती काडतुसं. 'अडकतं' एवढंच सांगितलं तर पहिले दोन दिवस आम्ही तेच शोधत बसतो.

गोळी झाडून चाचणी परवानगी असलेल्या रेंजवरच होते. मोहोळच्या उसात किंवा वरातीत नाही. आनंदाच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुरुस्तीनंतर प्रत्येक मॅगझीन निदान दोनदा पूर्ण रिकामं होईपर्यंत चालवून घ्या, तेही तुम्ही रोज ठेवणार आहात त्याच काडतुसांनी.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं की नळी फुगलेली आहे किंवा सांगाड्याला तडा आहे, तर दुसऱ्या मताला जरूर जा, पण त्या पिस्तुलातून गोळी झाडू नका. मोडीत विकता येत नाही, शोकेसमध्ये लावता येत नाही; चालत नसलं तरी कायद्याने ते हत्यारच राहतं आणि परवान्यावर जागा अडवतं. परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, पोच घ्या आणि परवान्यावरची नोंद कमी करून घ्या. दुसऱ्या हत्यारासाठी अर्ज करताना पहिल्यांदा तीच पोच मागतात.